झाली किती, राहिली किती?

आमच्या शाळेचे जुने जनरल रजिस्टर तुम्हांला दाखवता आले असते तर बरे झाले असते. गोदावरीच्या काठापासून फार लांब नसलेले, परभणी जिल्ह्यातले हे एक साधे गाव. रजिस्टरची पाने पिवळी पडली आहेत, कोपरे उंदरांनी खाल्ले आहेत. दाखले काढायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या जन्मतारखा शोधण्यापलीकडे त्याचा कोणी उपयोग करत नाही. मीही करत नव्हतो. एका पावसाळ्यात दुपारभर बसून मी त्यातली फक्त नावे वाचली आणि मग दोन दिवस ते काही डोक्यातून गेले नाही.

धोंडिबा. दगडू. भिका. केरबा. धोंडाबाई. फकिरा. पुन्हा धोंडिबा. उकिरडा असेही एक नाव होते. आपल्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकांना या नावांचे नवल वाटणार नाही, पण आजच्या मुलांना हसू येते. मुलाला कोणी उकिरडा म्हणते का? म्हणत होते, आणि ते त्या मुलावर प्रेम नव्हते म्हणून नव्हे. अगदी उलट. आधीची दोन-तीन मुले गेलेली असत. पुढचे मूल जगावे म्हणून आई-बाप त्याला असे नाव ठेवीत, की मृत्यूची नजर त्याच्यावर पडूच नये. हा दगड आहे, केर आहे, भीक मागून आणलेला आहे. न्यावे असे यात काही नाही. कोणी बाळाला सुपात घालून शेजारणीला पसाभर धान्यावर विकत देई आणि मग परत घेई. मोहरमात मुलाला फकीर करण्याचा नवस आपल्या मराठवाड्यात हिंदू घरांतूनही बोलला जाई. फकिरा हे नाव पुष्कळदा तिथले.

म्हणजे धोंडिबा हे नाव ज्याचे आहे, त्याच्याविषयी ते फारसे काही सांगत नाही. ते त्याच्या आधी गेलेल्या भावंडांविषयी सांगते. जी मुले कुठल्याच शाळेत आली नाहीत, कुठल्याच वहीत ज्यांची नोंद नाही, त्यांची आठवण मागे राहिलेल्याच्या नावात आहे. हाजरी घेताना मास्तर रोज ती मोठ्याने वाचत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

अर्थात पुरावा म्हणून हे साधन जपून वापरायला हवे. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, आणि त्या महिन्यात जन्मला म्हणूनही मुलगा धोंडू होतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवले जाते. नकुशी हे नाव तर निराळ्याच गोष्टीतून आले आहे: तिथे मूल जगावे ही इच्छा नसते, मुलगी नको ही असते. (सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींची नावे समारंभाने बदलली गेली.) तेव्हा एक धोंडिबा म्हणजे काही सिद्धता नव्हे. पण एका पानावर चार-चार येऊ लागले, की आपण थांबून विचार करावा.

रजिस्टरच्या पुढचे साधन म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या. आपल्याकडे बाईला मुले किती हे विचारण्याची जुनी रीत एका प्रश्नाची नाही, दोन प्रश्नांची आहे: झाली किती, राहिली किती? उत्तरही तसेच जोडीने येते. "नऊ झाली, चार राहिली." माझी आजी सात म्हणायची आणि सातही बोटांवर मोजायची. तिसऱ्याला नाव नव्हते, कारण ते बारशाआधीच गेले. त्याच्या बोटाशी आली की ती नुसते "लेकरू" म्हणायची आणि पुढच्या बोटावर जायची. एकदा मी, शाळकरी शहाणपणाने, "आजी, म्हणजे तुला तीनच मुले" असे म्हणालो. तिने पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली.

बारशाआधी जाणाऱ्या बाळांचा विषय निघालाच आहे, तर पाचवीचा विचार करू. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा, पाट्यावर कागद, दौत, लेखणी, रात्रभर दिवा आणि बाळंतिणीजवळ जागरण. सटवाई येऊन कपाळावर आयुष्य लिहून जाते अशी समजूत. आता शरीरशास्त्राकडे पाहा. नवजात बाळाचा धनुर्वात कसा होतो? धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात. नाळ विळ्याने किंवा दगडाने कापली, तिच्यावर राख वा शेण लावले, की ते आत शिरतात. पहिले दोन दिवस बाळ उत्तम असते, अंगावर पिते, रडते. तिसऱ्या दिवसानंतर, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, ते ओढेनासे होते. जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखे ताठते. ज्या बाईने हे एकदा पाहिले असेल, तिला पुढच्या बाळंतपणात पाचवी-सहावीची रात्र झोप कशी येणार? जागरणाची चाल आणि रोगाची ही वेळ यांचा संबंध असावा हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. मला मात्र तो पटतो. सटवाईला लिहायला कागद ठेवणाऱ्या बायका निव्वळ खुळ्या नव्हत्या. धोका कोणत्या रात्री येतो हे त्यांनी नेमके हेरले होते. तो कशाने येतो, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

हे सगळे आकड्यांत मांडावे असे आपल्याला, म्हणजे विज्ञानवाल्यांना, लगेच वाटते. परभणीपुरते ते अवघड आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. दप्तर उर्दूत, सन फसली (त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो), आणि आठवड्याच्या बाळाचा जन्म नि मृत्यू दोन्ही चावडीपर्यंत पोचायचे कोणी कष्ट घ्यावेत? पण ज्या घराची हकीकत आपल्या गावोगावच्या बायका आजही सांगतात, असे एक घर मुंबईत होते. आणि मुंबईत आकडेही होते.

दर वर्षी ७ फेब्रुवारीला रमाबाई आंबेडकरांची जयंती होते आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची. आमच्या शाळेतल्या मुली भाषणे करतात. त्यांत संविधान असते, महाड असते, आणि हमखास रमाईची गेलेली लेकरे असतात. पाठ्यपुस्तकात ती नाहीत. मुलींना ती घरी ठाऊक झालेली असतात, भीमगीतांतून, आयांकडून. कधी कधी वाटते, बॅरिस्टर, मंत्री, घटनाकार हे सगळे आमच्या बायकांना लांबचे आहे. झाली किती, राहिली किती हे जवळचे.

बाबासाहेब स्वतः रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. चौदांपैकी मोठी होऊन आपल्याला चरित्रांतून नावांनिशी भेटतात ती पाच: बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. रमाबाई आणि बाबासाहेबांना पाच मुले झाली. थोरला यशवंत १९१२ सालचा, तो जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार गेली. परळच्या पोयबावडीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत हे कुटुंब राहत असे. दोन खोल्या, त्यांत दिवंगत भावाची पत्नी आणि मुलगाही. ही ट्रस्ट १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईची वस्ती सुधारण्यासाठी स्थापन झालेली. बाबासाहेब १९१३ पासून न्यूयॉर्कला, मग लंडनला, पुन्हा १९२० ते १९२३ लंडनला. मुलांची दुखणी आणि मरणे यांतली बरीचशी रमाबाईंच्या वाट्याला आली.

आता आकडे. १९२१ साली मुंबई शहरात दर हजार जिवंत जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बाळे वर्षाच्या आत दगावली असे नोंदी सांगतात. आणि हे खोल्यांप्रमाणे मांडलेले आहे. बर्नेट-हर्स्ट यांच्या १९२५ च्या पुस्तकात ते कोष्टक सापडते. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हजारी १३३, तर एका खोलीत राहणाऱ्यांत हजारी ८२८. हे वाचून कोणीही हादरेल. हजारातली सव्वाआठशे? मग शहर उरले कसे?

इथे वर्गात फळ्यावर करण्यासारखे एक गणित आहे. गिरणी कामगारांच्या बायका बाळंतपणाला कोकणात किंवा देशावर माहेरी जात आणि बाळ घेऊन मुंबईला परत येत. समजा एका वस्तीत वर्षभरात १६० तान्ही बाळे होती. त्यांतली ६० गावी जन्मली, १०० मुंबईत. वर्षात ६४ मुंबईत दगावली. खरा दर काढायचा तर ६४ भागिले १६०, म्हणजे हजारी ४००. पण मुंबईच्या जन्म-वहीत १०० च नावे आहेत. तिच्या हिशोबाने दर येतो ६४०. अंश बरोबर, छेद चुकला. शिवाय मुंबईतही पुष्कळ जन्म नोंदले जात नसत, मृत्यू मात्र स्मशानाच्या दारात नोंदला जाई. तेव्हा ८२८ हा आकडा फुगलेला आहे हे नक्की. (माझे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, हे मुलांना सांगा.)

पण फुगवटा काढल्यावरही एका खोलीतले आणि चार खोल्यांतले अंतर पुसले जात नाही. हवा नसलेली खोली, चुलीचा धूर, सामाईक नळ नि संडास, आणि कामावर जाणारी आई. गिरणीत जाणाऱ्या बाया बाळ निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला याची पाहणी केली, तेव्हा ही चाल जवळपास घरोघर असल्याचे दिसले. झोपलेले बाळ पीत नाही, न पिणारे बाळ वाळते. आईला दोष देणे सोपे आहे. खाडा केला तर मजुरी बुडते आणि बाळाला सांभाळायला घरी कोणी नाही, अशा जागी उभे राहून पाहिले की ते तितके सोपे राहत नाही.

आंबेडकरांचे धाकटे बाळ राजरत्न. १९ जुलै १९२६ रोजी ते न्यूमोनियाने गेले. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दोन वर्षे होती आणि ते औषध म्हणून हाती यायला दीड दशक. त्या काळी न्यूमोनियावर उबेपलीकडे आणि वाट पाहण्यापलीकडे फारसे काही नव्हते. चाळीत नव्हते तसे बंगल्यातही नव्हते, हेही खरे.

त्यानंतर चारेक आठवड्यांनी, १६ ऑगस्टला, बाबासाहेबांनी कोल्हापूरचे आपले स्नेही दत्तोबा पवार यांना एक पत्र लिहिले. ते इंग्रजीत आहे आणि प्रसिद्ध आहे. आपण दोघे या धक्क्यातून सावरलो आहोत असे म्हणणे ढोंग ठरेल, असे ते त्यात कबूल करतात. मग ते मोजतात: तीन मुलगे आणि एक मुलगी, चौघांना पुरले. चौघांचेही कौतुक करतात, आणि या शेवटच्यासारखे मूल आपण क्वचितच पाहिले असे म्हणतात. आयुष्यातले मीठच गेले, अशा अर्थाचे एक वाक्य ते बायबलचा दाखला देऊन लिहितात. अर्थशास्त्राच्या दोन डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. रुपयाच्या प्रश्नावर लिहिताना आकड्यांची रास घालणारा. पण इथे त्याची मोजणी माझ्या आजीच्या बोटांवरच्या मोजणीसारखीच आहे. हजारी दराचा त्यात मागमूस नाही. रमाबाईंनी असे पत्र लिहिले नाही. त्यांचे दुःख आपल्यापर्यंत आले ते दुसऱ्यांच्या शब्दांतून.

थोर माणसांच्या चरित्रात गेलेल्या मुलांना सहसा एक ओळ मिळते. डार्विनचे घ्या. त्यांना दहा मुले झाली, तीन लहानपणीच गेली. दहा वर्षांची ॲनी १८५१ च्या एप्रिलमध्ये वारली. आठवड्याभरातच त्यांनी बसून तिचे हसणे, चालणे, वागणे कागदावर उतरवून ठेवले, पुढे विसरायला होऊ नये म्हणून. धाकटा चार्ल्स स्कार्लेट फीवरने २८ जून १८५८ ला गेला आणि तिसऱ्या दिवशी, १ जुलैला, लंडनमध्ये लिनियन सोसायटीत नैसर्गिक निवडीवरचा तो इतिहासप्रसिद्ध निबंध वाचला गेला. डार्विन तिथे नव्हते. त्यांची पत्नी एमा ही त्यांची मामेबहीण. आपल्या नात्यातल्या लग्नामुळे तर मुले दुबळी निघाली नाहीत ना, ही शंका त्यांना छळत राहिली. म्हणून १८७१ च्या ब्रिटिश जनगणनेत नात्यातल्या विवाहांविषयी एक प्रश्न घालावा असा प्रयत्न त्यांनी एका खासदार मित्रामार्फत केला. पार्लमेंटाने तो फेटाळला. मुले गमावलेल्या बापाला देशभरच्या घरांची मोजदाद हवी होती, ती मिळाली नाही. मामाच्या मुलीशी लग्न करणारी घरे आपल्याही गावांत आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

आपल्याकडची आनंदीबाई जोशी चौदा वर्षांची असताना आई झाली आणि तिचे बाळ दहा दिवस जगले. पुढे पेनसिल्व्हानियाच्या वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली ती पदवीधर झाली, तेव्हा तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र.

बाबासाहेबांकडे परत येऊ. राजरत्न गेल्याला आठ महिने होत होते, तेव्हा मार्च १९२७ मध्ये महाडचे चवदार तळे घडले. त्याच वर्षाच्या आरंभी ते मुंबईच्या कायदेमंडळात नेमलेले सभासद म्हणून बसले होते. तिथे गिरण्या-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळावी, त्या काळात भत्ता मिळावा, असे एक विधेयक आसवले यांनी आणले. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. पण जो मालक तिला कामावर ठेवून फायदा मिळवतो, तोही यातून मोकळा नाही, असा त्यांचा युक्तिवाद. १९२९ साली कायदा झाला.

हे भाषण राजरत्नासाठी केले होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले की गोष्ट गोड होते, आणि इतिहासात गोड गोष्टींपासून सावध राहावे. भाषण मुद्द्यांचे आहे, वकिली थाटाचे आहे. पण सभागृहात बसलेल्या किती सभासदांनी चार मुले पुरली होती, आणि तीही गिरणगावच्या चाळीत राहून? पुढे १९३८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो पडला. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, आणि त्या पदावर असताना खाणीत काम करणाऱ्या बायांच्या बाळंतपणाच्या कायद्याची दुरुस्ती त्यांच्याच हातून झाली. रमाबाई २७ मे १९३५ लाच गेल्या होत्या.

आमच्या रजिस्टरात जसजसे पुढे यावे तसतसे धोंडिबा विरळ होतात. आधी धोंडाबाई संपतात, मग दगडू. १९८० च्या पुढे केरबा नाही. नावांची फॅशन बदलली हे एक कारण, पण तेवढेच नाही. देवीचा रोग भारतात १९७५ नंतर दिसला नाही. गरोदर बाईला धनुर्वाताची लस दिली की तिच्या रक्तातली प्रतिद्रव्ये वारेतून बाळाला मिळतात; २०१५ साली नवजात बाळांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ एकही रुग्ण नाही असा नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी, असा आहे. १९७१ मध्ये देशाचा अर्भकमृत्यूदर हजारी १२९ होता, २०२० मध्ये २८ झाला, महाराष्ट्राचा १६. सोळा म्हणजे थोडे असे वाटत असेल तर पुन्हा बोटांवर मोजून पाहा.

हा धडा वर्गात घ्यायचा तर एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगतो. सहावीच्या मुलांना मी आजीला दोन प्रश्न विचारून यायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखले: झाली, राहिली. मुले उत्साहाने आकडे सांगत होती. आठ, पाच. सहा, सहा. अकरा, चार. हे सगळे जुने आहे, संपलेले आहे, अशा खुशीत मी होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने आजीचे नाही, स्वतःच्या आईचे आकडे आणले होते. "तीन झाली, दोन राहिलो." तिचा धाकटा भाऊ आदल्या वर्षी तापाने गेला होता. गावात सगळ्यांना ठाऊक होते, मलाही होते, आणि रकाने आखताना माझ्या ते लक्षात आले नव्हते.

मी खडू खाली ठेवला. ती मात्र उभीच होती, मी लिहीपर्यंत बसेना. तेव्हा मी लिहिले. पुढे त्याच वर्षी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना भावंडांच्या रकान्याशी माझा हात थांबला. मी तिला बोलावून विचारले. तिने भावाचे नाव सांगितले, आणि ते कोणत्या वेलांटीने लिहायचे तेही.